तिसरं धुणं

दोन हजार सहा सालच्या एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, भावजयीनं सेंट्रिफ्यूजचं झाकण दुसऱ्यांदा उघडलं आणि पुन्हा लावलंच नाही. नळ्या काढल्या, वरचं गुलाबीसर पाणी ओतून टाकलं, तळाशी बसलेले कण बाटलीत भरले, बाटलीवर चिठ्ठी डकवली. हे सगळं फोन खांद्यानं कानाशी दाबून. पाळणाघरातून फोन होता.

समोरच्या टेबलाशी बसलेल्या वन्संनी मान वर केली. तोंड उघडलं. मग मिटलं.

तीन धुण्यांचा नियम वन्संनीच घालून दिला होता. कण भिंगाखाली उजळून दिसावेत म्हणून त्यांत रंग घालत; कण तयार झाले की त्यांना बाहेरून लागलेला सुटा रंग काढायला हवा. म्हणून नळ्या गरगर फिरवायच्या, कण तळाशी बसवायचे, वरचं पाणी टाकून नवं घालायचं. एकदा, दोनदा, तीनदा. सुटा रंग राहिला तर तो वाटेल त्या पेशीत शिरतो आणि आठवड्याची मेहनत वाया. बाटलीचं बूच उपडं ठेवलं तरी वन्सं हटकत. त्या दिवशी मात्र त्यांनी आपली वही ओढली आणि लिहिलेलंच पुन्हा वाचायला घेतलं.

"वन्सं" हे नावही भावजयीनंच आणलेलं. धाकट्या भावाची बायको होऊन ती घरात आली आणि दोन वर्षांनी, वन्संनी शब्द टाकला म्हणून, प्रयोगशाळेत. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांदेखत हाक मारली, "वन्सं, कात्री कुठंय?" आणि महिन्याभरात झाडणाऱ्या मावशींपासून थेट सरांपर्यंत सगळे त्यांना वन्संच म्हणू लागले. पिकल्या मिशांचे सर गंभीरपणे "वन्सं, अहवाल द्या" म्हणत, तेव्हा नवी माणसं बावचळत.

काम होतं नेमक्या पेशी शोधणाऱ्या कणांचं. केसाच्या जाडीत हजार मावतील एवढा एक कण. पोटात औषध आणि अंगावर चिकटवलेली एक साखर. यकृताच्या पेशी ती साखर ओळखतात आणि कणाला आत घेतात, बाकीच्या पेशी दारातूनच वाटेला लावतात. असं कागदावर. वन्संचे कण सहा वर्षं सगळ्यांच्याच दारात घुटमळत होते. भावजयीनं आठ महिन्यांत साखर लांब धाग्यावर बसवायची युक्ती काढली.

"डोकं आहे हो तुमच्या भावजयीला," सर म्हणाले होते.

आणि रविवारी भाऊ. "काय गं ताई, ही म्हणते तुझा सहा वर्षांचा गुंता सुटणार."

"सुटू दे की," म्हणून वन्सं काकडी चिरत राहिल्या होत्या. काकडी संपल्याचं त्यांना बोटाला सुरी लागली तेव्हा कळलं.

म्हणूनच मंगळवारी त्या गप्प बसल्या. होऊ दे एकदा फजिती, एवढंच.

गुरुवारी मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या भिंगबाईंनी आरोळी ठोकली. "अगं बाई, झुंबर लागलंय झुंबर!"

वन्संनी डोळा लावला. यकृताच्या पेशी एकूण एक उजळलेल्या. शेजारच्या डिशमधल्या दुसऱ्या पेशी काळ्याठिक्कर. सहा वर्षं त्या जे बघायला तरसल्या होत्या ते हेच.

"छान," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. बराच वेळ.

सरांनी पेढे वगैरे काही वाटले नाहीत. म्हणाले, "पुन्हा तीनदा करून दाखव, मग जगाला सांगू." भावजयीनं तीनदा केलं, जिवापाड काळजी घेऊन, फोन बंद ठेवून, तिन्ही धुणी घड्याळ लावून. तिन्ही वेळा झुंबर विझलेलं. उजळलं तर सगळीकडे अर्धवट, नाहीतर कुठेच नाही. चौथ्या आठवड्यात सर तिच्या टेबलापाशी थांबेनासे झाले. चहाच्या वेळी कुणीतरी "हातचलाखी" म्हणालं. वन्संनी ते ऐकलं. त्या दिवशी त्यांनी चहा दोन कप घेतला.

पण रोज बेसिनपाशी उभं राहिलं की तो मंगळवार डोळ्यांसमोर येई. शनिवारी प्रयोगशाळा रिकामी असताना त्यांनी स्वतःचे कण काढले, जुने, आखूड धाग्यांचे, आणि फक्त दोनदा धुतले. सोमवारी सकाळी भिंगबाई यायच्या आत डिश भिंगाखाली ठेवली.

झुंबर.

सुटा रंग दोन धुण्यांत केव्हाच निघून जात होता. तिसऱ्यात निघत होती ती साखर. सहा वर्षं त्या आपल्याच हातांनी ती खरवडून टाकत होत्या, आणि टाकली नाही की इतरांवर ओरडत होत्या.

त्यांनी बाटलीवर आपलं नाव लिहिलं. सरांच्या खोलीकडे निघाल्या. वाटेत सामानाच्या खोलीत भावजय खोक्यात वह्या भरत होती.

"हे काय चाललंय?"

"सोडते मी, वन्सं. सर बोलले नाहीत, पण कळतं ना माणसाला." तिनं नाक ओढलं. "माझं जाऊ दे. तुम्ही शब्द टाकलात आणि मी तुम्हाला मान खाली घालायला लावली."

वन्संनी बाटली एप्रनच्या खिशात टाकली.

"त्या पहिल्या खेपेला तू दोनदाच धुतलंस."

"छे! तीनदा."

"दोनदा. फोनवर होतीस. पाळणाघर त्या दिवशी तीनलाच बंद होणार होतं, म्हणून भांडत होतीस. तिसरं धुणं साखर काढतं. दोनदा धू, येईल."

भावजयीनं हातातली वही खोक्यात टाकली.

"तुम्ही बघत होतात?"

"हो."

"आणि ओरडला नाहीत?"

मग भावजयीनं खोक्यातली वही काढली, कपाटावर टेकवली आणि उभ्याउभ्याच एक ओळ लिहिली. वही वन्संकडे फिरवली. 'तिसरं धुणं वन्संच्या सूचनेवरून गाळलं.' वर त्या मंगळवारची तारीख.

"हे खरं नाही," वन्सं म्हणाल्या.

"मग खरं लिहू?"

तिनं पेन पुढं केलं. वन्संनी सही केली.

शोधनिबंध छापून आला. भावजयीचं नाव पहिलं, वन्संचं दुसरं. उंदरांमध्ये कण नीट चालले; माणसांपर्यंत औषध पोचलं ते बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या कणांतून. सर निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. भिंगबाई लेकीकडे राहायला गेल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण फोनवरचा आवाज तोच. पाळणाघरातली पोर आता स्वतः नोकरीला लागली. प्रयोगशाळा भावजय चालवते, आणि नव्या मुलींना दोन धुणी शिकवताना ही नजर वन्संची, असं न चुकता सांगते.

वन्सं एकट्याच, भावाच्या खालच्या मजल्यावर राहतात. रविवारी जेवायला वर जातात. भाऊ अजून जुनंच उगाळतो. पानावर बसलं की हमखास विचारतो, "ताई, खरंच गं, तुला ते कळलं कसं?"

वन्सं भात कालवत राहतात.

"वाढू का अजून, वन्सं?" भावजय विचारते, आणि उत्तराची वाट न बघता वाढते.