मीठ मागे राहते

"पण मासे कुठेत?" शेजारीण काचेला नाक लावून विचारत होती. "एवढी मोठी टाकी, वर एवढा दिवा, आणि आत नुसते दगड!"

"जिवंत दगड आहेत ते," काकू म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्याचे त्यांना हसू आले.

"जिवंत? मग नीट बसवा हो. चालायला लागले तर पंचाईत."

काका स्टुलावर बसून पंपाची नळी पुसत होते. "दगडाच्या भोकाभोकांत बारीक जीव असतात. पाणी तेच स्वच्छ ठेवतात. त्यांचा जम बसला की मग बाकीचे पाहुणे. घाई केली तर आलेला पाहुणा मरतो."

"म्हणजे आधी घर लावायचं, मग बिऱ्हाड आणायचं. आमचं नेमकं उलटं झालं," असे म्हणत शेजारीण नेलेली चाळणी परत देऊन गेली.

काका जन्मभर बोटीवर होते. इंजिनखोलीत, यंत्रांना तेल देणारे. समुद्र कसा असतो असे कोणी विचारले की ते म्हणत, "गरम असतो आणि आवाज फार करतो." कारण त्यांचे सारे आयुष्य पाण्याच्या पातळीखाली, पोलादी भिंतीच्या अलीकडे गेले होते. समुद्र हाताच्या अंतरावर, पण दिसला म्हणाल तर नाही.

ते निवृत्त होऊन घरी आले तेव्हा काकूंना वाटले, देवाने ऐकले. पण घर कसे चालते हे घराला ठाऊक होते, काकांना नव्हते. साखरेचा डबा शोधताना त्यांना सगळी कपाटे उघडावी लागत. झोप तर मुळीच येत नसे. शांतता कानात वाजते म्हणत. बिचारे स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसत.

मग एक दिवस ते बाजारातून हात हलवत आले ते थेट संध्याकाळी. शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात पोवळ्यांच्या टाकीसमोर उभे राहिले होते म्हणे. शेवटी मासेवाल्यानेच विचारले, "काका, खुर्ची देऊ का?"

"अगं, ह्याच्या वरून मी आयुष्यभर गेलो," काका काकूंना सांगत होते, "आणि एकदासुद्धा खाली बघितलं नाही."

टाकी आली. मिठाची पाकिटे आली, पाणी गाळायचे यंत्र आले, खारेपणा मोजायची काटा असलेली डबी आली. आणि पंप ज्या दिवशी घुमू लागला, त्या दिवसापासून काका गाढ झोपू लागले. काकूंनी हातातले काम ठेवून त्या पंपाला मनोमन हात जोडले.

काचेवर तपकिरी राप चढला तेव्हा काका हिरमुसले. "बिघडलं वाटतं सगळं."

"बिघडत नाही हो. वाट बघायची असते," काकू म्हणाल्या. "ते मला विचारा."

राप गेला. पाणी आरशासारखे झाले. मासेवाल्याने ते तपासून मान डोलावली आणि एक दगडाचा तुकडा दिला. त्यावर बटणाएवढी हिरवी फुले, प्रत्येकाला नारिंगी काठ. पहिले पोवळे. दिवा लागला की उमलायचे, हात आत गेला की मिटायचे. काका बोलावत, "अगं, ये लवकर, उठली बघ मंडळी!"

आणि अशात कंपनीचा फोन आला. माणूस कमी पडत होता. एक फेरी करा, शेवटची.

"जाऊन येऊ का?" काका म्हणाले. "इथे माझ्यावाचून काय अडतंय?"

त्यांच्यावाचून काही अडू नये हेच तर काकू इतकी वर्षे शिकत आल्या होत्या. तेच शिक्षण आता अंगावर आले होते.

डॉक्टरी तपासणीसाठी काका बंदराच्या गावी गेले. जाताना म्हणाले, "पाणी उडून कमी होतं. खुणेपर्यंत भर घालत जा." कोणते पाणी, हे सांगायचे राहिले. कोपऱ्यात दोन बादल्या होत्या, एक गाळलेल्या साध्या पाण्याची, एक मीठ कालवलेली. काकूंनी सरळ हिशेब केला. समुद्र कमी झाला, तर समुद्रच घालायला हवा. त्यांनी मनापासून, न चुकता, खारे पाणी घातले.

फुले मिटली. आज उमलतील, उद्या उमलतील, पण नाहीच. काकू काचेशी वाकून बसल्या. एवढ्या लांबून आणलेला जीव, माहेरची आठवण येत असेल. त्यांनी बादलीत आणखी मीठ कालवले आणि तेही हळूच घातले. फुले आणखी आवळून बसली, चिमटीत धरल्यासारखी. तेव्हा मात्र त्यांनी बादली बाजूला सारली. ह्या घरात काकांना धरून ठेवणारे एवढे एकच होते, आणि तेच त्यांच्या हातून चालले होते.

काका दारात आले ते हसत. "पास! डॉक्टर म्हणाले, छाती इंजिनासारखी चालतेय. आता नुसता होकार कळवायचा."

"आधी पाणी प्या," काकू म्हणाल्या. मग पेला परत घेताना सगळे सांगून टाकले. मिठासकट.

काका टाकीपाशी गेले. डबी बुडवून काटा पाहिला. काकू पेला धरून तशाच उभ्या.

"पाणी उडतं ते गोडंच उडतं गं," ते शेवटी म्हणाले. "मीठ मागे राहतं. म्हणून भर साध्या पाण्याची. बोटीवर समुद्राचं पाणी उकळून गोडं पाणी काढायचं यंत्र होतं ना माझ्याकडे. आतलं मीठ खरवडता खरवडता केस पिकले माझे."

"तुमच्याकडे असं यंत्र होतं?"

"होतं की. सगळी बोट ते पाणी प्यायची." काकांनी डबी पुसून ठेवली. "तुला कधी सांगितलंच नाही मी."

"मी तरी कुठे विचारलं?" काकू काचेशी वाकल्या. "मेलं का हो ते?"

"छे! चिवट जात आहे. पण एकदम गोडं पाणी ओतलं तर मरेल. थोडं खारं काढायचं, थोडं साधं घालायचं, मग थांबायचं. अंगाला सोसेल तसं. तू बादली धर."

काकूंनी बादली धरली. मग रोज तेच. काका नळीने पाणी काढत, आणि काढता काढता इंजिनखोलीतल्या गोष्टी सांगत. कुठल्या यंत्राचे नाव काय, कोण आचारी कोणावर रुसला होता. लग्नाला इतकी वर्षे झाली आणि आपल्या नवऱ्याचे काम काय होते ते काकूंना आत्ता कळत होते. मिटलेल्या फुलांकडे पाहून त्या देवाला म्हणाल्या, चूक केली खरी, पण एवढे दिलेस.

कडेचे एक फूल जरासे सैलावले होते, एवढेच, तोच फोन वाजला. काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत होते.

"घे गं तू."

कंपनीच्या कचेरीतला माणूस होता. "काका होकार कळवणार होते."

काकूंनी फोनवर हात ठेवला. "कंपनी. काय सांगू?"

काकांनी मान वर केली नाही. "सांग, पाण्याचं मीठ उतरवतोय. हे सोडून येता येणार नाही."

काकूंनी शब्दाला शब्द सांगितले. त्या माणसाने विचारले, "बरं. मोकळे कधी होतील ते?"

हा प्रश्न काकूंचा होता. मुलीच्या तापात, सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात, घर बदलताना, त्यांनी ह्याच कचेरीला हाच प्रश्न विचारला होता, आणि दर वेळी पलीकडून एकच उत्तर आले होते.

"सांगता येत नाही," त्या सौम्यपणे म्हणाल्या. "कळलं की कळवू."

आणि त्यांनी फोन ठेवला, बाळ झोपलेल्या घरात ठेवतात तसा, आवाज न होऊ देता.