कोंबडी आणि माकडं

हान हा बोटीवरचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आणि त्याचा हात तोंडाआधी चालायचा. दोर ओढायला उशीर झाला की थप्पड, पेटी निसटली की लाथ, आणि कोणी उलट बघितलंच तर गमबुटाचं टोक थेट बरगडीत. नितीशने बोटीवर पाऊल ठेवलं त्याच दुपारी एका खलाशाचा ओठ फुटताना पाहिला. त्या माणसाने रक्त थुंकलं, बाहीने तोंड पुसलं आणि पुन्हा दोर हातात घेतला. शेजारच्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

नितीश मूळचा रत्नागिरीचा. शिरगावच्या कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकला, मग संशोधनासाठी चीनमध्ये छिंगदाओला काही वर्षं राहिला आणि तिथे चिनी भाषा चांगली बोलायला लागला. पुढे लग्न झालं, विभावरीला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये फार्मासिस्टची नोकरी मिळाली आणि दोघांनी तिथल्याच रिकार्टन भागात घर केलं. नितीशला निरीक्षकाचं काम मिळालं. परदेशी ट्रॉलर न्यूझीलंडच्या पाण्यात मासेमारीला आले की त्यांच्यावर सरकारी निरीक्षक चढवतात. जाळ्यात काय आलं, सील अडकले का, अल्बट्रॉस पक्षी मेले का, हे त्याने पाहायचं. बोटीवरची माणसं कशी जगतात हे पाहायला त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

२००६ चा उन्हाळा होता, माकुळाचा, म्हणजे स्क्विडचा हंगाम. ही बोट लिटलटन बंदरातून निघून स्ट्यूअर्ट बेटाच्याही खाली, दक्षिणेला गेली. खलाशी सगळे चिनी, कप्तानही चिनी. कॅप्टन क्वो. हा माणूस कधी आवाज चढवत नसे, कोणावर हात उगारत नसे. चिनी बोलणारा निरीक्षक मिळाला म्हणून तो खूश होता. जेवण झालं की तो नितीशला आपल्या केबिनमध्ये बोलवायचा आणि टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून चार अक्षरं काढायचा. चिनी भाषेत अशा चार अक्षरी म्हणी हजारो आहेत, प्रत्येकीच्या पोटात एक अख्खी गोष्ट.

नितीशलाही त्यात मजा यायची. कप्तान म्हणायचा, गाईपुढे वीणा वाजवणं. नितीश सांगायचा, आमच्याकडे गाढवापुढे गीता वाचतात. कप्तानाने विहिरीच्या तळाचा बेडूक काढला तेव्हा नितीशने त्याला कूपमंडूक शब्द शिकवला. अशाच एका संध्याकाळी कप्तानाने लिहिलं, ‘शा जी जिंग होउ’. कोंबडी मारायची आणि माकडाला धाक घालायचा. एका डोंबाऱ्याचं माकड नाचेना. त्याने माकडासमोर एका कोंबडीची मान उडवली. त्यानंतर माकड ढोलकीच्या पहिल्या थापेला उभं राहू लागलं.

“आमच्याकडे आहे ही,” नितीश म्हणाला. “लेकी बोले सुने लागे. सासू लेकीला बोलते, ते सुनेने समजून घ्यायचं.”

कप्तानाला हसू आवरेना. तुमच्याकडे नुसत्या बोलण्यावर भागतं का, असं त्याने विचारलं.

पुढच्याच आठवड्यात जाळं ओढायची तार खराब झाली. बोटाएवढ्या जाड पोलादी तारेचे पदर तुटून सुयांसारखे बाहेर आले होते. शू नावाचा खलाशी जाळी दुरुस्त करायचा, चाळिशीचा, अबोल. त्याच्या आधीच्या बोटीवर अशीच तार तुटली होती आणि तिच्या फटक्याने एका माणसाचे दोन्ही पाय गुडघ्यातून गेले होते. शू म्हणाला, आधी तार बदला, मग जाळं ओढतो. तो एवढंच म्हणाला, पण बाकीच्यांनीही हातातले लोखंडी आकडे खाली ठेवले.

कप्तान वर सुकाणूच्या खोलीत होता, नितीश त्याच्याशेजारी. समोरच्या पडद्यावर माकुळाचा थवा दाट दिसत होता. तार बदलायची म्हणजे तो हातचा जाणार. कप्तानाने भोंग्याचा माईक उचलला आणि शांतपणे चार अक्षरं उच्चारली. शा जी जिंग होउ. मग त्याने माईक जागेवर ठेवला आणि चहाचा पेला उचलला.

नितीशला वाटलं, आता हान कोणाची तरी आई-बहीण काढणार.

हानने खांबाची साखळी सोडली आणि हाताला दोन वेढे दिले. पहिला तडाखा शूच्या खांद्यावर बसला. शू वाकला, पण पडला नाही. दुसऱ्याने त्याची पाठ फाटली, रेनकोटसकट. तिसऱ्याच्या वेळी शूने हात आडवा धरला आणि मनगट मोडल्याचा आवाज वर काचेपर्यंत आला. नितीश कप्तानावर ओरडला, थांबवा त्याला.

“म्हणीचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे,” कप्तान म्हणाला. “अर्धी म्हण सांगून कोणी थांबत नाही.”

नितीश जिन्यावरून धावत सुटला. ओल्या पायऱ्यांवरून तो घसरला, गुडघा फुटला, तसाच उठला. तो डेकवर पोचला तेव्हा शू गुडघ्यांवर होता आणि हान त्याच्या डोक्यावर साखळी घालत होता, गड्याने लाकूड फोडावं तशी, घाई न करता. कानामागचं हाड आत गेलं. शू बाजूला कलंडला. हानने साखळी समुद्राच्या पाण्यात खळबळून घेतली आणि बाकीच्यांकडे पाहिलं. एकेकाने आकडा उचलला. तार ओढणारा विंच सुरू झाला. तार करकरत राहिली, पण तुटली नाही. जाळं वर आलं आणि मणांनी माकूळ डेकवर ओतलं गेलं. त्यांची काळी शाई शूच्या रक्तात मिसळून गटाराकडे वाहत गेली. त्या राड्यात बसून नितीशने शूचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शूचा एक डोळा उघडा होता, तो थोड्या वेळाने नुसताच उघडा राहिला.

बोटीच्या भंडाऱ्याने, म्हणजे स्वयंपाक्याने, प्रेत धुतलं. त्याला सगळे लाओ थांग म्हणायचे, म्हातारा थांग. त्याने भातासाठी तापवलेलं पाणी आणलं, शूच्या केसांतली शाई धुतली, कान पुसला. मग प्रेत माशांच्या बर्फघरात नेलं, कारण दुसरी जागाच नव्हती.

सकाळी कप्तानाने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं. वाडग्यांत तांदळाची पेज वाढली होती. हान दाराशी उभा. कप्तानाने दुःख व्यक्त केलं, शू कष्टाळू होता म्हणाला, आणि तो शिडीवरून घसरून डोक्यावर पडला हे सगळ्यांनी पाहिलंच आहे, असंही म्हणाला. मग एकेकाला नाव घेऊन विचारू लागला.

नितीशच्या वाडग्यात पेज वाढताना थांग ओठांतल्या ओठांत पुटपुटला, “झी लू वेई मा.” हरणाला घोडा म्हणणं. ही गोष्ट नितीशने छिंगदाओतच ऐकलेली होती. एका वजिराने भर दरबारात हरीण आणलं आणि राजाला म्हणाला, महाराज, हा घोडा बघा. मग दरबाऱ्यांकडे वळला. जे घोडा म्हणाले ते वाचले. जे हरीण म्हणाले त्यांना त्याने नंतर शोधून शोधून संपवलं.

नितीशने मनाशी ठरवलं होतं, आपण घोडाच म्हणायचं. आत्ता मान डोलवायची, बंदरात उतरायचं आणि सरळ पोलिसांकडे जायचं. रेडिओ कप्तानाच्या ताब्यात, चारी बाजूंना पाणी, दाराशी हान. शहाण्या माणसाने दुसरं काय करावं? पण त्याच्याआधी पाळी आली ती शूच्या गाववाल्याची. तो “शिडीवरून पडला” म्हणाला आणि म्हणताना त्याच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी थेट वाडग्यात गळत होतं, ते पुसायचीही त्याला शुद्ध नव्हती. कप्तान नितीशकडे वळला. नितीशने तोंड उघडलं आणि ठरवलेलं वाक्य आलंच नाही.

“शू शिडीवर चढलाच नव्हता,” तो म्हणाला. “हानने त्याला साखळीने मारलं. तुम्ही सांगितलंत म्हणून मारलं.”

चमच्यांचे आवाज थांबले. वरच्या काचेवर धुकं होतं, तुम्हाला नीट दिसलं नसेल, असं कप्तान म्हणाला. त्याने पुन्हा विचारलं. नितीशने पुन्हा तेच सांगितलं. कप्तानाने सुस्कारा सोडला. पाहुण्यांना जरा बाहेरची हवा लागू द्या, तो हानला म्हणाला.

हानने त्याला कॉलर धरून ओढलं. नितीशने दाराची चौकट घट्ट पकडली, तेव्हा हानने लोखंडी दार त्याच्या हातावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. कोपराखालचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. नितीश गुरासारखा ओरडला. हानने त्याला डेकवरून फरफटत कठड्याशी नेलं, पोटात गुडघा घातला आणि कंबरेला धरून वर उचललं. खाली पाणी हिरवंकाळं होतं. इतकं जवळ की त्याच्या थेंबांनी तोंड भिजलं. नितीशने चांगल्या हाताने हानचा कान पकडला आणि पिरगळला. दातांत सापडला तो हानचा अंगठा. तो त्याने हाडापर्यंत चावला.

तेवढ्यात उकळत्या पेजेचं अख्खं भगुणं हानच्या मानेवर ओतलं गेलं.

मागे थांग उभा होता. भगुणं टाकून त्याने कमरेचा सुरा काढला, भाजी चिरायचा रुंद, चौकोनी सुरा, आणि हानच्या खांद्यात घातला. हानने नितीशला सोडलं. तो गुडघ्यांवर आला. त्याच्या मानेची कातडी उकडून लोंबत होती, त्याने दोन्ही पंजे वर केले आणि नको, नको म्हणाला. थांगने सुरा पुन्हा घातला. मग पुन्हा. हानचे हात खाली आले तरी तो थांबला नाही. नितीश कठड्याला पाठ टेकून बसला होता आणि सगळं त्याला दिसत होतं.

त्यानंतर बाकीचे उठले. कप्तान तोवर वर सुकाणूच्या खोलीत पळाला होता. इतके दिवस मार खाल्लेली ती माणसं, आकडे घेऊन जिना चढली. कप्तानाला त्यांनी पायाला धरून खाली आणलं, प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटलं. बोटीचा दुय्यम अधिकारी मध्ये पडला म्हणून कप्तान जिवंत राहिला. त्याला जाळ्याच्या सुतळीने बांधलं आणि दुय्यम अधिकाऱ्याने बोट ब्लफ बंदराकडे वळवली. बर्फघरात आता शूच्या शेजारी हान होता.

धक्क्यावर चढून आलेल्या पोलिसाने सवयीने “किआ ओरा”, असा तिथला माओरी नमस्कार म्हटला आणि डेक पाहून पुढचे शब्द गिळले.

नितीशच्या हातात लोखंडी पट्टी घातली. बोटं पूर्ण मिटायची कधीच नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर विभावरीने त्याचा बोटीवरचा कोट कापडाच्या कात्रीने उभा चिरला आणि कचऱ्यात टाकला.

कोर्टात चार अक्षरांवर दोन दिवस गेले. सरकारी वकील म्हणाले, ‘शा’, म्हणजे ‘ठार मारा’, हा शब्द पहिलाच आहे. कप्तानाचा वकील म्हणाला, ही नुसती म्हण आहे, चीनमधल्या शाळेत गुरुजी मुलांना कोपऱ्यात उभं करतात तेव्हाही हेच म्हणतात. नितीशला विचारलं गेलं आणि त्याने खरं तेच सांगितलं: म्हणीचा अर्थ एकाला शिक्षा करून बाकीच्यांना धाक घालणं, एवढाच, ऐकल्या क्षणी मला स्वतःलाही शिवीगाळच वाटली होती. पण मार सुरू झाल्यावर थांबवायला सांगितलं, तेव्हा कप्तान हातात चहाचा पेला धरून ‘अर्धी म्हण सांगून कोणी थांबत नाही’ म्हणाला, हेही त्याने सांगितलं. खुनाचा आरोप टिकला नाही, सदोष मनुष्यवध टिकला. कप्तान तुरुंगात गेला, नितीशला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वर्षांसाठी.

थांगचा खटला वेगळा चालला. पहिला घाव तुमचा जीव वाचवायला होता ना, असं थांगच्या वकिलाने विचारलं. नितीश हो म्हणाला. मग सरकारी वकील उठले. दुसऱ्या घावाच्या वेळी हानचे हात कुठे होते?

थांग समोर बसला होता, मांडीवर हात ठेवून, दुभाष्याकडे कान लावून.

“वर,” नितीश म्हणाला. “तो नको म्हणत होता.”

थांगलाही शिक्षा झाली.

तुरुंगातून भेटीला होकार यायला बरेच महिने गेले. विभावरीने गाडी चालवली, कारण नितीशला स्टिअरिंग नीट धरता येत नव्हतं. ती बाहेर गाडीतच थांबली. थांग आणखी बारीक झाला होता. इथला भात चिकट होत नाही, तांदूळच वेगळा, अशी त्याने तक्रार केली. नितीशचा हात त्याने उलटासुलटा करून पाहिला. नितीश आभार मानू लागला तेव्हा त्याने ते ऐकून घेतलं. मग तो सरळ म्हणाला:

“तुझा हात मोडला होता. दुसऱ्या घावाआधीच शुद्ध हरपली होती, असं कोर्टात म्हणाला असतास, तर कोणी खोदून विचारलं असतं का?”

“नाही,” नितीश म्हणाला.

“मग?”

तेवढ्यात पहारेकरी वेळ संपल्याचं सांगायला आला. उठताना थांगने विचारलं, पुढच्या महिन्यात येणार का, आणि येताना लसणाचं लोणचं आणायला परवानगी मिळते का ते बघ म्हणाला.

गाडीत बसल्यावर नितीशने विभावरीला थांगचा तो प्रश्न सांगितला. तिने सीटचा पट्टा लावला.

“मीही तुला तेच विचारणार होते,” ती म्हणाली, आणि गाडी सुरू केली.