निळ्या पट्टीचा चहा

सावित्रीबाईंनी चहाचं पाकीट सुमेधापुढे धरलं खरं, पण बोटं काही सोडवेनात.

"एवढा राहू द्या की ताई. मूठभर तर उरलाय."

"नाही हो मावशी. उरलेला नमुना परत न्यावाच लागतो. ऑफिसात वजन करून ठेवतात."

पाकिटावर नाव नव्हतं, चित्र नव्हतं, नुसती एक निळी पट्टी चिकटवलेली होती. आदल्या आठवड्यात पिवळ्या पट्टीचं पाकीट दिलं होतं, या आठवड्यात निळ्या पट्टीचं. दोन्ही पिऊन बघायचे आणि कुठला आवडला, का आवडला ते सांगायचं. असं भोसरीतल्या बऱ्याच घरांत चाललं होतं. सुमेधाची कंपनी म्हणजे चिंचवडला भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. लोकांना काय आवडतं ते विचारायचं आणि मोठ्या कंपन्यांना कळवायचं, हा तिथला धंदा. विचारणाऱ्यानं स्वतःचं मत मात्र चेहऱ्यावरसुद्धा दिसू द्यायचं नाही. सुमेधाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी आमटी खारट झाली तरी ती फक्त "हं, आणखी काही?" म्हणते, अशी तिची थट्टा व्हायची.

"निळा आवडला म्हणालात. का आवडला?"

सावित्रीबाईंनी पदर सारखा केला. आतल्या खोलीत कुणी नव्हतं, तरी त्यांचा आवाज खाली आला.

"आमचे हे बसायला लागले."

"म्हणजे?"

"एरवी वर्कशॉपवरनं आले की कप घेऊन पलंगावर. हातात मोबाइल. माझा कप मी ओट्यापाशी उभ्यानंच पिते. निळा चालू केला आन् पहिल्याच दिवशी सैपाकघरात येऊन पाटावर बसले. कसा लागतोय म्हणून मलाच विचारलं. मग रोजच बसायचे. लेथवरचं सांगायचे, पोराचं बोलायचे. परवा तर माझ्या आईची आठवण काढली. लई तलफ होती तिला चहाची, म्हणले. लग्नाला एवढी वर्षं झाली ताई, पण असा चहा लागला नव्हता."

"आणखी काही?" सुमेधानं विचारलं. सवयच ती. आणि समोरच्या रकान्यात तिनं लिहिलं: चव चांगली.

"नाव तेवढं सांगा. दुकानातून आणीन मी."

"आम्हालाही सांगत नाहीत हो. कळलं तर नक्की सांगेन."

सावित्रीबाईंनी पाकीट सोडलं.

जिन्यात सुमेधाला तिनंच केलेला एक फोन आठवला, आणि ती कठड्याला धरून उभी राहिली. पहिल्या आठवड्यात नवऱ्याच्या वाट्याची उत्तरंही सावित्रीबाईंनीच देऊन टाकली होती. "त्यांना काय, काहीपण चालतं." हे या धंद्यातलं जुनंच दुखणं, बायका नवऱ्याच्या जिभेचीही जबाबदारी घेतात. म्हणून सुमेधानं त्यांच्या नवऱ्याला, ज्योतीरामना, जेवणाच्या सुट्टीत फोन लावला होता. काका, या आठवड्यात चहा मावशींच्या सोबत बसून प्यायचा, चवीबद्दल दोघांनी बोलायचं, नाहीतर तुमच्या घराची उत्तरं बाद होतील. "बसतो की," एवढंच ते म्हणाले होते. उभा जन्म वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस, सूचना म्हणजे सूचना. बायकोला त्यांनी फोनचं सांगितलेलं दिसत नव्हतं.

परत वर जाऊन काही सांगावं असं तिला वाटलं नाही. काय सांगणार होती? गाडीला किक मारून ती पुढच्या घरी गेली.

काम संपलं, अहवाल गेला. एक दिवस डबा खाताना सुमेधानं ऑफिसातल्या ओजसला विचारलं. आकडेमोड तो करायचा, त्यामुळे कुठल्या पट्टीखाली काय होतं हे त्यालाच ठाऊक असायचं.

"निळी? ती बाजारातलीच गं. गल्लीबोळात मिळते." त्यानं नाव सांगितलं. "पिवळी नवीन होती. साफ पडली बिचारी."

सुमेधाचा घास हातातच राहिला. घरात तोच चहा वापरणारी माणसंच तर तिनं शोधून काढली होती. पहिल्या दिवशीचा पहिला प्रश्नच तो असायचा. म्हणजे सावित्रीबाईंच्या फळीवर पूर्वीपासून होता तोच हा चहा.

आणि तिला आनंद झाला, हे तिला पुढे फार दिवस लागून राहिलं. वाटलं, बरं झालं, मावशींना शोधायची दगदग नको, वस्तू घरातच आहे. लोकांच्या मनातलं विचारून पोट भरणाऱ्या बाईला एवढं कळू नये, याला काय म्हणावं?

शनिवारी ती मुद्दाम वाट वाकडी करून भोसरीला गेली. बाहेरच्या खोलीत ज्योतीराम पलंगावर आडवे होते. मोबाइलवर कसली तरी कुस्ती चालली होती. "या मॅडम," म्हणून त्यांनी आत बोट दाखवलं. सावित्रीबाईंना तर तिला कुठं ठेवू आणि कुठं नको असं झालं. त्यांनी आधी आधण ठेवलं, मग फळीकडे हात केला. तिथं चहाची चार-पाच वेगवेगळी पाकिटं होती, सगळी फोडलेली.

"ह्यातला कुठलाच न्हाई बघा. सगळे करून बघितले. नाव कळलं का?"

"कळलं ना. मावशी, तो तुमच्या डब्यातलाच होता. नेहमीचाच तुमचा."

सावित्रीबाई हसल्या. मग सुमेधाची थट्टा चाललेली नाही हे बघून त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी डबा काढला, झाकण उघडलं, वास घेतला आणि डबा तसाच हातात धरून राहिल्या.

"ह्याच चहाला बसायचे व्हय? मग आता का बसत न्हाईत?"

इथं गप्प बसायला हवं होतं. चेहरा कोरा ठेवायची एवढ्या वर्षांची तालीम नेमकी इथंच कामाला यायची. पण कुणी सरळ विचारलं की सरळ सांगायची खोडही तिला होतीच.

"मी त्यांना फोन केला होता. दोघांनी बसून प्यायचा म्हणून. तसा नियम असतो आमचा."

बोलून झालं आणि तिला वाटलं, जीभ झडली असती तर बरं.

सावित्रीबाईंनी गॅस बारीक केला. "असं व्हय," त्या म्हणाल्या. "तुमी सांगितलं म्हणून."

"तसं नाही हो. बोलायचं काय ते थोडंच मी सांगितलं होतं? तुमच्या आईंचं तर मला माहीतही नव्हतं."

सावित्रीबाईंनी मान हलवली. त्यातून हो की नाही ते कळलं नाही. त्यांनी चहा गाळला, एक कप बाहेर नेऊन दिला. कुस्तीचा आवाज जरा कमी झाला, पुन्हा वाढला. त्या परत आल्या, दार थोडं लोटलं आणि सुमेधाजवळ वाकून हळू बोलल्या.

"दुसरं काही येत असंल की तुमच्याकडं. साबण, तेल, काहीबी. आमचं घर घ्या परत. त्यांना तसाच फोन करा."

एकदा घेतलेलं घर वर्षभर पुन्हा घेत नाहीत, हे सुमेधाच्या अगदी ओठांवर आलं होतं. या खेपेला तिनं ते गिळलं.

"करते," ती म्हणाली. "काय सांगू त्यांना?"

सावित्रीबाईंनी थोडा विचार केला.

"बसायचं म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. "बोलले न्हाईत तरी चालंल."