तिरका काप

विचारायची पद्धतच नाही आमच्या सूनबाईला. तीस वर्षं या घरात आहे, पण जे करायचं ते गुपचूप करून मोकळी. दाढ काढून आली, तेही गाल सुजल्यावरच आम्हाला कळलं. आणि परवा, सुट्टीच्या दुपारी, कमरेपर्यंतची वेणी कापून आली. मला एका शब्दानं न विचारता.

डोक्याला रुमाल बांधून दारात उभी. मी म्हटलं, "काय गं, डोकं दुखतंय?"

"नाही, आई." तिनं रुमाल काढला.

कपाळावर भुवयांपर्यंत आडवी झालर, आणि बाकीचे केस जबड्याशी आणून एका रेघेत तोडलेले.

"अगंबाई! डोक्यावर पातेलं उपडं ठेवून कापले की काय?"

माझ्या मुलानं पेपरातून तोंड वर न काढता "छान दिसतंय" म्हटलं. याची बायको टक्कल करून आली असती तरी याला छानच दिसलं असतं.

ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. आमच्या घरात बादली नसताना नळ वाहू लागला, की आत कुणीतरी रडतंय असं समजायचं. ही युक्ती माझीच. नवरा गेला त्या वर्षी मी किती पाणी वाया घालवलं, ते मलाच ठाऊक.

"नळ बंद कर," मी दारावर थाप मारली. "बाहेर ये आणि बोल."

मग एकेक शब्द ओढून काढावा लागला. बावीस वर्षं ती चष्म्याच्या दुकानात पुढच्या टेबलावर बसते. गिऱ्हाइकाचं तोंड बघून फ्रेम निवडून देणं, नाकावर नीट बसेपर्यंत वाकवून देणं, हे तिचं काम. आता थोरले मालक घरी बसले आणि धाकटे आले. ते म्हणाले, "बाई, पुढे जरा तरुण चेहरा हवा. सोमवारपासून तुम्ही मागच्या खोलीत बसा, काचा पुसायला."

"चेहरा काही बदलता येत नाही," ती म्हणाली. "म्हटलं, निदान केस..."

पर्समधून तिनं मासिकातलं चित्र काढलं. विशीतली पोरगी, मान हरणीसारखी.

"हिच्यासारखे काप म्हणालीस?"

"हो."

"आणि ही मान कुठून आणणार होतीस?"

रडता रडता तिला हसू फुटलं. तेवढ्यानं मला धीर आला. पण खरं सांगते, राग येतच होता. जगाला कुठल्या तोंडाला काय शोभतं ते सांगणारी बाई, आणि स्वतःच्या वेळेला दुसरीच्या मापावर कापून आली!

शाळा माझी चौथीत सुटली. आकडे शिकले ते शिवणाच्या टेपावर. चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले. हात थरथरायला लागला तेव्हा कात्री तेलाच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली, त्याला चार वर्षं झाली. ती काढली, खडू काढला, टेप काढला, आणि केस ओले करून सूनबाईला आरशासमोर स्टुलावर बसवलं.

"आई, तुमचा हात..."

"माहीत आहे मला माझा हात. सरळ बस."

कानाच्या पाळीपासून खांद्यापर्यंत टेप लावला. डावीकडे अर्धं बोट कमी भरलं. वाटलंच होतं मला. माणसाच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात, हे पार्लरवालीला कोण सांगणार? तिनं पट्टीनं आखल्यासारखं सरळ कापलं, म्हणून तोंड वाकडं दिसायला लागलं. वरून ती आडवी झालर. आडवी पट्टी ठेंगण्या माणसाला आणखी ठेंगणं करते, आणि हिचं कपाळ मुळातच दोन बोटांचं. खालची रेघ तर जिथे गाल सैल झालाय बरोबर तिथेच येऊन थांबलेली, चारचौघांत बोट दाखवल्यासारखी.

"तिरकं घ्यायचं," मी म्हटलं. "तिरक्या रेघेवर नजर चढत जाते, खाली घसरत नाही."

सवयीनं मी तिच्या ओल्या केसांवर खडूनं खूण करायला गेले. खडूचा लगदा झाला आणि कपाळावर पांढरा ओघळ आला.

"आई, तुम्ही तर मला आणखी म्हातारी केलीत!"

"गप्प बस. कापड बोलत नसतं."

पण कात्री उघडली आणि पाती आपली आपणच वाजायला लागली. कट कट कट, हवेतच. आरशात आम्ही दोघींनी ते पाहिलं. मी कात्री खाली ठेवणार, इतक्यात तिनं हात वर करून माझं मनगट धरलं. घट्ट नाही, चष्म्याची काडी धरावी तसं.

"आता कापा," ती म्हणाली.

तिनं मनगट धरायचं, मी बोटं चालवायची. एकेका कापाला पाव तास लागला असेल. झालर तिरकी करून एका बाजूला वळवली, जबड्याची रेघ मोडून मागे चढवली. कानाजवळची पांढरी बट ती काळी करायला निघाली होती. मी ठेवायला लावली. कॉलरला गोट असतो ना, तशी ती तोंडाला उठाव देत होती.

सोमवारी ती गेली. मी दिवसभरात एकच फडकं चार वेळा धुतलं.

संध्याकाळी आली, चप्पल काढली, पाणी प्यायली.

"काय म्हणाले तुझे धाकटे मालक?"

"काही नाही. सकाळी खुर्ची मागे नेऊन ठेवली होती त्यांनी."

"मग?"

"मी आरशात बघितलं एकदा. मग खुर्ची उचलली आणि पुढे आणून बसले. त्यांनी बघितलं. मी म्हटलं, मागे बसून मला गिऱ्हाइकाचं नाक दिसत नाही."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या. पुन्हा नेली तर पुन्हा आणीन."

तीस वर्षांत हिचं एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं. मी तिला दिव्याखाली उभं केलं, हनुवटी धरून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. डावीकडे एक केस लांब राहिला होता. राहू दिला.

"हे बघ," मी म्हटलं, "तरुणबिरुण काही दिसत नाहीस तू. पण अंगावर बसलंय. महिन्याभरात केस वाढतील, तेव्हा कुठे जायचं नाही. मनगट धरायला माझ्याकडे यायचं."