भिकाबाईचा धोंडा

मित्रांनो, मी एक जुना धुण्याचा धोंडा आहे. शिरड शहापूरच्या पलीकडे एक तलाव आहे, त्याच्या काठी मी असतो. काठावरच्या तांड्यात राहणाऱ्या भिकाबाईच्या सासूने मला ओढ्यातून लोटत आणले, तेव्हा मी चांगलाच खरबरीत होतो. आधी सासूने आणि मग सुनेने धुणे आपटून आपटून माझी पाठ गुळगुळीत केली.

दिवाळीनंतर अख्खा तांडा ऊसतोडीला जाई. उन्हाळ्यात पाणी आटे आणि आम्ही बायकांचे धुण्याचे धोंडे लांब कोरड्यात पडून राहू. १९९८च्या चैत्रात पुण्याहून एक शिल्पकार आले. त्यांना आम्ही बेवारस वाटलो. सगळ्यांना गोळा करून त्यांनी काठावर मोठे वेटोळे मांडले आणि मला मधोमध बसवले. मग शिरड शहापूरपर्यंत जीपने आणि पुढे पायी असे पाहुणे येऊ लागले. माझ्या पाठीवरून हात फिरवून ते म्हणत, निसर्गाने काय घडवलंय! मी फुगलो. घडवणाऱ्या दोघींची मला आठवणसुद्धा झाली नाही.

तांडा परतला. शहाण्या माणसांचे काम दिसते, म्हणून बायकांनी वेटोळ्याला हात लावला नाही. भिकाबाई शेजारच्या खडबडीत खडकावर धुऊ लागली. लेकरांच्या सदऱ्यांना भोके पडली, तिच्या बोटांची सालटी निघाली. आणि मी तिच्यासमोर मधोमध मिरवत होतो! लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढच्या खेपेला शिल्पकार पाहुणे घेऊन आले, तेव्हा भिकाबाई सरळ वेटोळ्यात शिरली.

"साहेब, ह्यो धोंडा माझा हाय."

साहेब हसले. तुला नवा दगड आणून देतो, म्हणाले.

"नवा काय करू? ह्याला गुळगुळीत कराया माझ्या सासूचा जलम गेला, माझा जाऊन राहिला. आमी ऊस तोडाया गेलतो साहेब, मेलो नव्हतो."

साहेबांनी मला एका बाजूने धरले, तिने दुसऱ्या. पाण्याशी नेईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मला मान असती, तर मीही केली नसती. मग बाकीच्या बायकाही आपापले धोंडे न्यायला आल्या.

मित्रांनो, सुंदर वस्तू जरूर जपा. पण पडलेली दिसली म्हणून उचलण्याआधी, ही कोणाची, एवढे गावात विचारा. तिचा धनी पोटामागे लांब गेलेला असतो, आणि तो परत येणार असतो.