खलातला आवळा आणि बाबांच्या गोळ्या

“डॉक्टर, आवळ्याच्या रसात बुडवलेली वांग्याची फोड काळी पडत नाही. मग त्याच रसाच्या भरवशावर कुणी साखरेच्या आजाराच्या गोळ्या सोडल्या तर चालतं का?”

मित्रांनो, हा प्रश्न आमच्या जागृतीने बोईसरच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून आलेल्या डॉक्टरबाईंना विचारला. विचारून दाखवच, अशी तिच्या मैत्रिणींनी पैज लावली होती. मी तिथेच टेबलावर होतो, वांग्याच्या दोन बश्यांच्या मधोमध. मी एक जुना दगडी खल आहे, आणि या प्रश्नात माझाही थोडा हात आहे.

मला एका पाथरवटाने घडवलं. पोटात बोट फिरवलं तर कुठे खरखर लागू नये, म्हणून त्याने मला चार दिवस आतून घासलं. जागृतीच्या पणजीने मला घिवली गावात, आपल्या घरी आणलं. सुंठ, मिरी, ओवा, काय काय कुटलं म्हणून सांगू! शेजारणी मला मागून न्यायच्या आणि परत देताना माझं कौतुक करायच्या. मग घरात मिक्सर आला आणि माझी रवानगी वाडीत नळाजवळ झाली. माझा बत्ता दाराला टेकण म्हणून लागला. माझ्या पोटात पाणी साचे, त्यात चिमण्या अंघोळी करत. कितीतरी वर्षं मला कुणी घरात बोलावलं नाही.

यंदा जागृती नववीत गेली. बायडी मावशी डोंगरातले आवळे घेऊन बाजारात आली, तेव्हा जागृतीने पिशवीभर घेतले. मला नारळाच्या शेंडीने घासून लख्ख केलं आणि आवळे कुटून रस काढला. कापलेलं वांगं हवेने काळं पडतं. आवळ्यातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं हवेचा तो मारा आधी स्वतःच्या अंगावर घेतात, म्हणून रसातली फोड पांढरी राहते. ती पांढरी फोड बघून पोरगी घरभर नाचली. मीही मनातल्या मनात नाचलो.

तिचे बाबा बळवंत मिरचीची वाडी करतात. त्यांना दोन वर्षांपासून साखरेचा आजार. लेकीचा प्रयोग बघून ते इतके हरखले की रोज सकाळी पेलाभर रस पिऊ लागले आणि गोळ्यांची डबी फळीवर सारली. “माझ्या पोरीने शिद्ध करून दाखवलाय,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. जागृती हौसेने आवळे कुटायची. तिची आई मंगला मात्र त्यांच्या पायाकडे बघायची. काटा लागून तीन आठवडे झाले, तरी जखम ओलीच.

“ही सुकत का नाय अजून?” ती विचारायची.

“आवळा दमादमाने काम करतो,” असं बाबांचं उत्तर.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी जागृतीने बाबांच्या रसाची ही गोष्ट गंमत म्हणून मैत्रिणींना सांगितली. त्यांच्यातली स्वाती हसली नाही. “तू वांग्यावर प्रयोग केलास, बाबांवर नाय,” ती म्हणाली. “हिंमत असेल तर उद्या विचार परीक्षकांना. बक्षीस जाईल म्हणून घाबरतेस ना?”

म्हणून तो प्रश्न. विचारताना तिचा हात माझ्या काठावर होता.

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “आवळा चांगलाच, जरूर खा. पण बशीत झालं तेच रक्तात होतं, हे तू तपासलंस का?”

“नाही.”

“मग गोळ्या ज्याने सोडल्या असतील, त्याला लगेच त्याच्या डॉक्टरांकडे पाठव.”

बक्षिसाची ढाल मिळाली. तरी रिक्षात तिने ढाल पायाशी ठेवली आणि मला मांडीवर घेतलं.

मित्रांनो, मला धुऊनपुसून ठेवा, उन्हापावसात टाकू नका. मी पाल्यातला, फळातला गुण तुम्हाला काढून देईन. पण तो आहे तेवढाच घ्या. जे त्याला जमत नाही, ते त्याच्या गळ्यात मारू नका.

घरी बाबा अंगणात पाय पसरून वाट बघत होते. ढाल बघून त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली आणि रसाचा पेला पुढे केला. जागृतीने तो घेऊन पालथा घातला. आई दारात आली.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्या मी शाळेत जाणार नाय. बाबांना घेऊन दवाखान्यात जाणार. आणि गोळ्या माझ्यामुळे बंद झाल्या, हे डॉक्टरांना मीच सांगणार.”