दोन आट्यांचा चमत्कार

"थांबली! आजही थांबली!"

फाटकाशी ताटकळत उभा असलेला जमाव लाल गाडीवर कोसळला. टेकडीचा उतार जिथे संपतो, तिथेच बाबांच्या मठाचं फाटक. त्या फाटकासमोर ही चिमुकली गाडी सलग पाचव्या सकाळी आपोआप उभी राहिली होती. इंजिन चालू, गिअर पडलेला, तरी चाकं हलेनात. लोकांनी काचांना नाकं लावली. एकाने चाकाला हात लावला, तो पोळला, आणि पोळलेला हात त्याने भक्तिभावाने कपाळाला लावला.

आत सिस्टर बसली होती. इस्पितळातली परिचारिका, उंची जेमतेम चार फूट. बसची पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर यायची. त्यामुळे बारा वर्षं थोरल्या भावाने सोडलं तरच ती कामावर, आणि त्याने आणलं तरच घरी. मग तिने मिस्त्रीकडून ही गाडी आपल्या मापाने बनवून घेतली. सीट उंच, स्टिअरिंग खाली, पेडलं पायाशी. तीन महिने ती कुणाची वाट न बघता घराबाहेर पडत होती.

आता दोन्ही दारांना माणसं रेलली होती. दार बोटभरही उघडत नव्हतं. काचा लोकांच्या श्वासाने धुरकटल्या होत्या. आठला वॉर्डात हजर व्हायचं होतं.

बाबा आले. पाणी शिंपडत त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला.

"चाक म्हणजे काळ! आणि काळ कुणापुढे थांबतो?"

"बाबांपुढे!"

"पण बाबा," मागून एकजण म्हणाला, "ही संध्याकाळी चढाने परत जाते, तेव्हा का थांबत नाही?"

"त्या वेळी मी ध्यानात असतो."

लोकांना तेही पटलं. बाबांनी डोळे मिटले. अर्धा तास मंत्र चालायचे, मग गाडी सुटायची. चार दिवस असंच झालं होतं.

तिच्या दादाने गर्दीतून पुढे येत काचेच्या फटीतून एक कागद आत सरकवला. "सही कर. गाडीने जागा निवडलीय असं बाबा म्हणतात. गाडी इथे राहील, तूही इथेच सेवेला राहा."

"आणि माझी नोकरी?"

"मी बोलतो त्यांच्याशी."

"सगळं तूच बोलणार, तर मी कशाला आहे?"

"अगं, पाच वेळा थांबली! उद्या उतारावर उलटलीस तर? आई गेल्यावर तुझ्याशिवाय कोण आहे मला?" तिला राग धड येईना आणि जाईना. रागावून कुठे जाणार? दारं बंद होती.

तिने ब्रेकवर पाऊल ठेवलं. पेडल दगडासारखं. जराही हललं नाही. तिने मिस्त्रीला फोन लावला.

"सिस्टर, काल दोन तास तपासली मी. चाकं हाताने फिरत होती," तो वैतागून म्हणाला.

"गार असताना ना? उतारभर ब्रेक दाबून गरम झाल्यावर?"

"गरम करून नाही पाहिली."

"गेल्या आठवड्यात मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"पेडल अंगठाभर रिकामं जातं, पाय पुरत नाही, म्हणालात. मी म्हटलं, थोडा प्ले लागतो. तर तुम्ही म्हणालात, माझा पाय आखूड आहे, मला फुकटची चाल परवडत नाही. मग मी पेडलमागची दांडी दोन आटे फिरवून लांब केली." तो अडखळला. "अरे देवा."

"देवाला नको, मला सांगा. किती नंबरचा पाना?"

"दहाचा. डॅशबोर्डच्या खणात आहे. हँडब्रेक ओढून मगच हात घाला."

तिने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि सीटवरून खाली घसरली. पेडलांच्या त्या कोनाड्यात मोठा माणूस उलटा लटकला असता. ती मांडी घालून बसली.

"अहो, ती खाली गेली!" "झटका आला!" "अंगात आलं!"

"अंगात नाही, गाडीत आलेय," ती आतून ओरडली.

नट सैल झाला. एक आटा. दुसरा आटा. पेडल सुस्कारा टाकल्यासारखं मोकळं झालं. ती वर आली, हँडब्रेक सोडला. बाबा अजून पहिल्याच मंत्रावर होते.

"दादा, ढकल. एका हाताने."

गाडी सरकली. बाबांचा तळवा बॉनेटवरून निसटला.

"मीच तिच्या हाताला बुद्धी दिली!" बाबा गरजले.

"असं का? मग आता पुन्हा थांबवा. मी दहा मिनिटं इथेच पुढेमागे करते."

तिने गाडी पुढे घेतली, मागे घेतली. बाबांनी हात उंचावले, स्वर चढवला, शेवटी खोकले. गाडी चालतच राहिली. मग तिने पुन्हा खाली बसून दांडी लांब केली आणि ब्रेक दाबतच गाडी पुढेमागे करून तो तापवला. आता चार जणांनी ढकलूनही चाकं हलेनात. आटे सोडले, गाडी सुटली. दारांना रेललेली माणसं आपसूक मागे झाली होती.

ती खाली उतरली. पर्समधली नवी सिरिंज काढून तिने दादासमोर धरली.

"ब्रेकचं तेल अशाच नळीत असतं. पाय काढला की दट्ट्या पूर्ण मागे यायला हवा, तरच तापून फुगलेल्या तेलाला परत जायला वाट मिळते. दट्ट्याला ढकलणारी आपली दांडी लांब, म्हणून दट्ट्या अर्धवट दाबलेलाच राहायचा. उतारावर तेल तापायचं, ब्रेक आपोआप आवळायचा. उतार संपला की गाडी उभी. उतार इथे संपतो. फाटकही इथेच आहे, एवढाच बाबांचा संबंध. अर्ध्या तासात तेल निवायचं. मंत्राऐवजी पाढे म्हटले असते तरी सुटली असती."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा फाटकाआड गेले होते.

"चूक माझीच होती," ती म्हणाली. "पेडल जवळ हवं तर त्यावर ठोकळा बसवायचा. प्ले काढून टाकायचा नाही."

"पण मला कसं कळणार गं हे?" दादा म्हणाला.

"नाही कळणार. मलाही पाच दिवस कळलं नाही. पण न कळणं म्हणजे चमत्कार नव्हे, दादा. कळत नाही तेव्हा ज्याने वस्तू बनवली त्याला विचारावं, वाकून खाली बघावं, पुन्हा करून पाहावं. इतकं केल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, आणि दुसऱ्याला तर करायला लावायचीच नाही."

सही न केलेला कागद तिने त्याच्या हातात दिला. त्याने तो फाडला, गाडीपाशी गेला आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.

"सोडायला येऊ?"

"नको," ती म्हणाली. "हळू जाईन मी. सरळ मिस्त्रीकडे, ठोकळा बसवायला, मग वॉर्डात."